चिमी लांब गेलेली नाही

“ताई, वडगावातलं जुनं कौलारू घर सोडून आम्ही नुकतंच हिंदवाडीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. चौथ्या दिवशी गॅसची टाकी आली, दार उघडं राहिलं आणि आमची चिमी जिन्यावरून खाली पळाली. तीन वर्षांची, तीन रंगांची मांजरी. ऑपरेशन केलेलं नाही. आज पाच दिवस झाले, पावसाची झड थांबत नाही. रोज संध्याकाळी मी हाका मारत रस्त्यानं फिरते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, पण कुणाचा फोन नाही. मिस्टर म्हणतात, ‘मांजर आहे ते, येतंय की आपोआप.’ सासूबाई म्हणतात, मांजर सात घरं फिरतं. मुलगी सहावीत आहे, ती नीट जेवत नाही. गॅसवाल्याला दार मीच उघडलं होतं. माझं माहेर चंदगडकडचं, कन्नड मला तोडकंमोडकं येतं आणि या गल्लीत कन्नड घरं जास्त. दार वाजवून मांजर बघितलं काय म्हणून विचारायला लाज वाटते. काय करू? — एक आई, हिंदवाडी, बेळगाव”

बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल, पण एक काम आजच करा. रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला, पाऊस जरा उघडला की, मिस्टरांना उठवा, टॉर्च घ्या आणि तुमच्याच इमारतीच्या जिन्याखाली जाऊन गुडघ्यांवर बसा. रस्त्यावर जाऊ नका. हाका मारू नका. जिन्याखालची अडगळ, मीटरच्या पेट्यांमागची फट, पार्किंगमधल्या गाड्यांचे तळ, पाण्याच्या टाकीखालची जागा, कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामधला अरुंद बोळ, सगळीकडे टॉर्च फिरवा. टॉर्च कमरेशी धरू नका, डोळ्यांच्या रेषेत कानाजवळ धरा. तसा धरला तरच लपलेल्या मांजराचे डोळे हिरवट चमकून तुम्हाला दिसतात.

माणूस हरवलं की आपण रस्त्यानं नावानं हाका मारत शोधतो. तुम्हीही पाच दिवस तेच केलंत. पण घाबरलेलं मांजर रस्त्यावर नसतं आणि हाकेला ओ देत नाही. अनोळखी जागी पळालेलं मांजर मिळेल त्या पहिल्या आडोशाला शिरतं आणि गप्प बसतं. कितीतरी लोकांना ही गोष्ट पटत नाही. “माझा आवाज तिला कळतो, मी दहा पावलांवर असताना ती येणार नाही असं होईलच कसं?” असं डोळ्यांत पाणी आणून मला विचारतात. आवाज तिला कळतो. पण तोंडातून म्याँव निघालं की गल्लीतल्या कुत्र्यांनाही आपला पत्ता लागतो, हेही तिला कळतं. म्हणून ती तुमचा आवाज ऐकत तिथेच, श्वास रोखून बसून राहते. तुम्हाला वाटतं ती इथे नाही, आणि तुम्ही पुढच्या गल्लीत जाता.

वडगावात तिला कौलं माहीत होती, परडं माहीत होतं, कुठल्या भिंतीवरून उडी मारली की कुठे पडतो हे माहीत होतं. तिथे ती दोन दिवस दिसली नसती तर मीही तुमच्या मिस्टरांसारखंच म्हटलं असतं. हिंदवाडीत तिला तुमच्या दोन खोल्यांपलीकडचं काहीच माहीत नाही. आपोआप यायला वाट माहीत असावी लागते. सात घरं फिरतं म्हणतात ते व्यालेल्या मांजरीबद्दल. ती पिलं तोंडात धरून जागा बदलत राहते. चिमीला ते लागू नाही. सासूबाई धीर द्यायलाच बोलल्या असतील, पण त्या धीरावर थांबून राहू नका.

हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरांचा एक अभ्यास २०१८ साली परदेशात प्रसिद्ध झाला. सापडलेल्यांपैकी सुमारे पाऊण मांजरं, जिथून गेली तिथून ५०० मीटरच्या आतच होती. एकूण मांजरांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांत जिवंत परत मिळाली, वर्षभरात सुमारे ६१ टक्के. आणि ज्यांनी स्वतः जागेवर जाऊन, वाकून, फटींत डोकावून शोधलं त्यांना मांजर मिळण्याची शक्यता जास्त होती. तुमचा पाचवा दिवस आहे. उशीर झालेला नाही, पण शोधायची रीत आजच बदलायला हवी.

पावसाचं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला मात्र तो शोधाच्या कामी येईल असं वाटतं. आपल्याकडच्या आषाढातल्या पावसात गल्लीतल्या कोरड्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. मांजर भिजायला तयार नसतं. दिवसा छत्री घेऊन बाहेर पडा आणि इमारतीच्या चारी बाजूंची दहा-पंधरा घरं बघत कुठे कोरडं आहे तेवढंच वहीत टिपा: मोटार झाकलेली ताडपत्री, पत्र्याची शेड, न वापरलेलं न्हाणीघर, जळणाचा ढीग, बांधकाम चालू असेल तिथल्या सेंटरिंगच्या फळ्या आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांची रास, गटारावरच्या फरश्यांखालची पोकळी. रात्री त्याच जागा एकेक करून बघा. आड किंवा उघडा सांडपाण्याचा खड्डा असेल तर तिथेही बघा. हे लिहिताना जड जातं, पण बघायला हवं. सकाळी पार्किंगमधल्या लोकांना सांगा, गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. उबेला मांजरं इंजिनपाशी चढून बसतात.

आता दार वाजवण्याचं.

“मांजर बघितलं काय?” असं विचारलंत तर दहापैकी दहा जण “नाही” म्हणतील. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी पाहिलेलं नसतंच, कारण ते लपलेलं आहे. मागायची ती परवानगी: “तुमच्या जिन्याखाली आणि मागच्या शेडमध्ये मी स्वतः एकदा बघू का?” बंद खोल्या, गॅरेज, माळे, एखादं बंद दुकानाचं गोदाम उघडून घ्या. दार दोन मिनिटं उघडं असताना मांजर आत शिरतं, वरून कुलूप लागतं आणि आठ-आठ दिवस कुणाला पत्ता नसतो. असं झालेलं मी स्वतः दोनदा पाहिलंय.

भाषेची लाज सोडा असं नुसतं सांगून ती सुटत नाही, म्हणून ही वाक्यं पाठ करा. “नम्म बेक्कु काणेयागिदे, नोडिद्रा?” म्हणजे आमचं मांजर हरवलंय, बघितलंत का. एवढं म्हणून मोबाइलमधला फोटो पुढे करा. शेडकडे बोट दाखवून “नोडबहुदा?” म्हणा, म्हणजे बघू का. पुढचं संभाषण अर्धं मराठी, अर्धं कन्नड, थोडं हिंदी असं होऊन जाईल. बेळगावात दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तसंच बोलतात. हरवलेल्या जनावरांसाठी मी या शहरात वर्षानुवर्षं दारं वाजवलीत. भाषेवरून कुणी मला दारातून परत पाठवलेलं नाही. एका आजींनी माझं कन्नड ऐकून आधी आत बसवलं, चहा दिला आणि मग माझ्याबरोबर टॉर्च घेऊन परड्यात आल्या.

आणि मुलीला बरोबर न्या. ती शाळेत कन्नड शिकते, तिचं तुमच्यापेक्षा नक्कीच बरं असेल. जेवत नाही कारण तिच्या हातात करण्यासारखं काही नाही. पत्रक तिला लिहायला द्या. वर मराठीत “मांजर हरवले आहे”, खाली कन्नड लिपीत “बेक्कु काणेयागिदे, कंडरे फोन माडि”. मधे मोठा फोटो, खाली ठळक आकड्यांत फोन नंबर. बस्स. चिमी किती लाडकी आहे, काय खाते, कधी आणली, यातलं काही नको. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाला दोन सेकंदांत वाचता यायला हवं. प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड खाली ठेवा, नाहीतर तासाभरात आत पाणी साचेल. किराणा दुकान, दुधाचं केंद्र, रिक्षा स्टँड, शाळेचं फाटक अशा ठिकाणी विचारून लावा. घंटागाडीवरचे कर्मचारी आणि पहाटेचे पेपरवाले यांच्या हातात एकेक प्रत द्या. गल्ली अजून झोपलेली असताना तेच लोक कोपरे बघत जातात. व्हॉट्सॲपवर फोटो ठेवा, हरकत नाही, पण तो फिरत फिरत कॅम्पात आणि खानापुरात पोचतो आणि शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांना दिसतच नाही.

बक्षिसाची रक्कम लिहू नका. मोठा आकडा वाचला की पोरं मांजराच्या मागे पळतात, आणि पाठलाग झालेलं मांजर ती जागा सोडून आणखी लांब जातं. चिमीची एक खूण पत्रकातून मुद्दाम वगळा, शेपटीच्या टोकाचा रंग म्हणा किंवा पंजावरचा ठिपका. “मांजर माझ्याकडे आहे, आधी गाडीभाड्याचे पैसे फोनवरून पाठवा” असे फोन येतात. अशा माणसाला ती खूण विचारा, व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा असेल तर तो लगेच दाखवील. मांजर समोर दिसल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

वास हे तुमच्या हातातलं आणखी एक साधन. सुका बांगडा किंवा सुकट तव्यावर जरा भाजा आणि अगदी थोडी, रात्री दहानंतर, जिन्याच्या कठड्यासारख्या उंच जागी ठेवा. जमिनीवर ठेवलीत तर कुत्री गोळा होतील आणि त्या वासापासून चिमी पळेल. शेजारी तुमचा न धुतलेला गाऊन किंवा मुलीची चादर ठेवा. तिच्या शी-शूच्या डब्यातली माती बाहेर पसरा असं कुणी सांगेल. मी ते सांगणार नाही, त्यानं आसपासचे बोके ओढले जातात. रोज पहाटे जाऊन खाणं गेलं का बघा. खाण्याभोवती थोडं पीठ भुरभुरवलं तर पंजाचा ठसा मिळतो, आणि मांजर, घूस की कावळा ते कळतं. मांजराचा ठसा वाटोळा आणि बहुतेक वेळा नखांशिवाय उमटतो. खाणं मांजरच नेतंय आणि तरी हाती लागत नाही असं दिसलं, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे किंवा गावात जनावरांसाठी काम करणाऱ्या मंडळींकडे दार पडणारा पिंजरा मागा. पिंजरा लावून निघून जायचं नसतं, दर तासाला बघायचा.

आता वडगाव. घर बदलल्यावर जुन्या घराकडे चालत गेलेली मांजरं जुन्या लोकांनी पाहिलीत, मीही पाहिलीत. म्हणून पहिला जोर हिंदवाडीत असला, तरी एक फेरी तिकडेही हवी. जुन्या शेजाऱ्यांना आजच फोन करा. तुमच्या जागी आता जे राहतात त्यांना फोटो दाखवा आणि सांगा, दिसली तर हुसकावू नका, दूध नको, थोडा भात-मासा द्या आणि लगेच फोन करा. मोठ्या मांजराला दुधानं पुष्कळदा हगवण लागते. तिथल्या कापड विणायच्या मागांच्या शेडमध्ये सुताच्या पोत्यांमागे जागा मऊ आणि कोरडी असते. माग बंद असतील तेव्हा, म्हणजे रात्री उशिरा किंवा लाइट गेल्यावर, तिथे बघू द्या म्हणा.

दिसली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी माणूस धावतो आणि मांजर दुसऱ्यांदा जातं. उभ्या राहू नका. खाली बसा, तिच्याकडे रोखून न बघता अंग एका बाजूला वळवा, रोज घरात बोलता त्या आवाजात हळू काहीतरी बोलत राहा. जेवणाच्या वेळी ज्या ताटलीचा आवाज तिला ओळखीचा आहे ती बोटानं वाजवा. पंधरा मिनिटं लागोत, तास लागो. जवळ आली की मानेमागे धरून टॉवेलमध्ये पूर्ण गुंडाळा आणि टोपलीत किंवा जाड उशीच्या खोळीत घाला. स्कूटरवर हातात धरून मुळीच आणू नका. घाबरली आणि चावली-ओरखडली तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका. इतके दिवस ती बाहेर होती.

घरी आणल्यावर एकाच खोलीत, दार-खिडक्या लावून ठेवा. उपाशी मांजराला एकदम पोटभर घालू नका, थोडं थोडं, चार-पाच वेळा. काही दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराचं यकृत बिघडू शकतं. आणलेल्या दिवशी तिनं तोंडच लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. मांजराला ती विष आहे, अर्धी गोळीही जीव घेते. ऑपरेशन झालेलं नाही, तेव्हा ती गाभण असू शकते. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांच्या आसपास भरतात. डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि ऑपरेशन कधी करायचं ते त्याच वेळी ठरवून या. माजावर आलेली मांजरी आणि ऑपरेशन न झालेला बोका, दोघंही दार उघडं मिळायचीच वाट बघत असतात.

त्या दाराबद्दल. तुम्ही पत्रात ते एकाच ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीसाठी आहे. गॅस घ्यायला दार उघडावंच लागतं. घर बदलल्यावर मांजराला निदान दोन-तीन आठवडे एका आतल्या खोलीत ठेवायचं असतं, तिच्या जुन्या अंथरुणासकट, म्हणजे बाहेरचं दार उघडलं तरी मधे आणखी एक दार राहतं. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही माझ्या पहिल्या मांजराच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. मुलीसमोर “माझ्यामुळे गेली” असं म्हणू नका, तिच्या मनात ते कायमचं बसेल.

गळ्यात पट्टा घालायचा तर ओढ बसली की आपोआप सुटणारा घ्या. नाहीतर मांजर फांदीला अडकून गळफास बसतो. नाव लिहू नका, फोन नंबर लिहा, शिवून घेतलात तर आणखी बरं. कातडीखाली तांदळाएवढी मायक्रोचिप बसवतात, तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. पण चिपमध्ये बॅटरी नसते, मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. कुणीतरी यंत्र धरून क्रमांक वाचावा लागतो आणि तो क्रमांक तुमच्या नंबराशी जोडलेला असावा लागतो. बसवायची तर हे दोन्ही डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

कुत्रं पाळणाऱ्यांचीही पत्रं गणपती जवळ आले की येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. कुत्र्याचं मांजराच्या उलट असतं. मांजर लपतं, कुत्रं पळतं, आणि फटाक्यानं बिथरलेलं कुत्रं मैलोनमैल पळतं. आमचा मोत्या दिवाळीच्या पाडव्याला गेला. म्हशींची मिरवणूक, गाड्यांचे आवाज, त्यात माळ फुटली. दोरी माझ्या हातातून सुटली आणि मी ओरडत त्याच्यामागे धावले. मी जितकी धावले तितका तो पुढे गेला. त्याच्या दृष्टीनं मीही त्या गोंगाटाचाच भाग झाले होते. तिसऱ्या दिवशी येळ्ळूरच्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सापडला. तिथेही मी आधी धावणारच होते. त्या शेतकऱ्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, “बसा खाली, येतंय ते.” मी चिखलात बसले, तोंड फिरवलं, आणि पाच मिनिटांनी त्याचं नाक माझ्या पाठीला लागलं.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक आपल्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दिवशी कुत्र्याला दुपारीच फिरवून आणा. नंतर आतल्या खोलीत, पंखा किंवा टीव्ही लावून, जमल्यास जवळ बसून राहा. गच्चीवर किंवा बाल्कनीत बांधून ठेवू नका, घाबरून उडी मारली की फास बसतो. हरवलंच तर पत्रकं लांबपर्यंत लावा, कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा बघू नका. बाची-तुरमुरीकडून सुटलेलं कुत्रं शिनोळीत मिळेल, कोगनोळीकडचं कागलला. राज्य बदललं तरी गावं एकमेकांना लागूनच आहेत, पण आपले व्हॉट्सॲपचे ग्रुप मात्र पलीकडे पोचत नाहीत. तिकडच्या दोन-चार दुकानदारांना स्वतः जाऊन फोटो द्या. पालिकेच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीनं नेलंय का तेही पहिल्याच दिवशी विचारा. गळ्यात पट्टा नसेल तर त्यांना ते भटकंच वाटणार. पकडलेल्या भटक्या कुत्र्यांचं ऑपरेशन आणि लसीकरण होतं आणि ओळखीसाठी कानाला खाच पाडतात, २०२३ च्या नियमांत तसं आहे. तुमचं कुत्रं खाच घेऊन परत आलं तर घाबरू नका, कागदपत्रं मात्र मागून घ्या. जातिवंत कुत्रं चोरीला गेल्याचा संशय असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या.

आणि तुम्ही, हिंदवाडीच्या आई, पाच-सहा रात्री काही दिसलं नाही म्हणून थांबू नका. काही मांजरं आठ-दहा दिवसांनी भुकेनं बाहेर येतात, काही महिन्यानं. आज रात्री जिन्याखाली काय दिसलं ते मला कळवा. मुलीनं लिहिलेल्या पत्रकाचा फोटोही पाठवा. कन्नड ओळीत काही चुकलं असेल तर मी लगेच दुरुस्त करून देते, म्हणजे सकाळी दुकानं उघडायच्या आत ते लावता येईल.